एका फोन चार्जिंगला एक बादली पाणी : मुळशी-भिरा जलविद्युत प्रकल्प कसा चालतो?



आपण फोन चार्जिंगला लावतो तेव्हा वीज कुठून येते याचा विचार सहसा करत नाही. कोळसा, सूर्य, वारा, पाणी अशा सगळ्या ठिकाणची वीज एकाच जाळ्यात मिसळून आपल्या घरी येते. आजच्या लेखात आपण यातल्या पाण्याच्या विजेची माहिती घेणार आहोत. उदाहरण म्हणून घेतलाय सह्याद्रीतला मुळशी-भिरा प्रकल्प. धरण पुणे जिल्ह्यात, वीजघर रायगड जिल्ह्यात आणि मधे सुमारे ५०० मीटरचा उतार.

मी राहतो सुप्यात, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात. इथून मुळशी तशी लांब आहे. पण या धरणाविरुद्ध शंभर वर्षांपूर्वी जो लढा झाला, त्याचा सेनापती आमच्या पारनेरचा होता. त्यामुळे हा प्रकल्प समजून घेताना मशीनबरोबर माणसंही समजून घ्यावी लागतात. दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

थोडक्यात माहिती

- धरण : मुळशी, मुळा नदीवर (पुणे जिल्हा)
- वीजघर : भिरा, कुंडलिका नदीच्या खोऱ्यात (रायगड जिल्हा)
- सुरुवात : १९२७
- मालकी : टाटा पॉवर
- क्षमता : मूळ वीजघर १५० मेगावॉट, शिवाय नंतर जोडलेला १५० मेगावॉटचा पंप्ड स्टोरेज संच
- पाणी पडण्याची उंची : सुमारे ५०० मीटर

एक खुलासा आधीच करतो. नगर जिल्ह्यात राहुरीजवळ ज्या मुळेवर धरण आहे ती नदी वेगळी. मुळशीची मुळा पुण्यातून वाहते, पुढे मुळा-मुठा होऊन भीमेला मिळते.

हीच जागा का निवडली?

पाण्यापासून वीज करायला दोन गोष्टी लागतात, भरपूर पाणी आणि भरपूर उंची. सह्याद्रीच्या माथ्यावर या दोन्ही एकत्र मिळतात.

आमच्या पारनेर तालुक्यात वर्षभरात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. मुळशी-ताम्हिणीच्या पट्ट्यात मात्र चार महिन्यांतच हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. हे पाणी घाटमाथ्यावर पडतं आणि नैसर्गिक उताराने पूर्वेकडे जातं : पुणे, दौंड, उजनी, पंढरपूर, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. हा प्रवास लांबचा आणि संथ उताराचा आहे, त्यामुळे त्यात उंची अशी कुठे मिळत नाही.

पण त्याच घाटमाथ्याच्या पश्चिमेला कडा आहे. तिथे थोड्याच अंतरात जमीन एकदम खाली कोकणात उतरते. इंजिनिअरांनी नेमकं हेच हेरलं. पूर्वेकडे जाणारं पाणी धरण बांधून अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं आणि कड्यावरून खाली सोडायचं. म्हणजे या प्रकल्पात नदीची दिशाच बदललेली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे प्रश्न इथूनच सुरू होतात.

इतिहास : गिरण्यांचा धूर आणि घाटातलं पाणी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा दुरून आणावा लागे आणि शहरावर धूर पसरलेला असे. घाटातल्या पाण्यावर वीज करून ती मुंबईला न्यायची, ही कल्पना जमशेदजी टाटांनी उचलून धरली. १९०४ मध्ये ते वारले. त्यानंतर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली.

पुढचे टप्पे असे :

- १९१५ : खोपोली वीजघर सुरू. पाणी लोणावळा, वळवण आणि शिरवता तलावांचं.
- १९२२ : भिवपुरी वीजघर सुरू. पाणी आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं.
- १९२७ : भिरा वीजघर सुरू. पाणी मुळशीचं.

ही तिन्ही वीजघरं आजही चालू आहेत. आपण तीन-चार वर्षांत फोन बदलतो, आणि इथे शंभरी गाठलेली व्यवस्था अजून वीज देते. मशिनरी वेळोवेळी बदलली, पण धरण, उतार आणि तत्त्व तेच राहिलं.

मुळशी सत्याग्रह : 'जान किंवा जमीन'

मुळशी खोरं काही रिकामं नव्हतं. तिथे भाताची खाचरं होती, देवळं होती, पन्नासच्या आसपास गावं होती आणि त्यांत हजारो मावळे शेतकरी राहत होते. जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला गेला. म्हणजे कंपनी खासगी आणि जमीन मिळवून देणारं इंग्रज सरकार, असा तो व्यवहार होता.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यातले प्रमुख नेते. 'जान किंवा जमीन' ही लढ्याची घोषणा होती. काही काळ काम थांबलंही. नंतर ते पुन्हा सुरू झालं, सत्याग्रहींना अटका झाल्या, आणि १९२४ पर्यंत लढा ओसरला. धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली.

बापटांचा जन्म पारनेरचा, १२ नोव्हेंबर १८८० चा. 'सेनापती' ही पदवी त्यांना या लढ्यामुळेच चिकटली. पुण्यात आपण ज्याला एसबी रोड म्हणतो तो सेनापती बापट रस्ता. मुंबईतही लोअर परळच्या गिरणगावातून सेनापती बापट मार्ग जातो. ज्या भागातल्या गिरण्यांसाठी घाटात धरणं बांधली गेली, त्याच भागातल्या रस्त्याला धरणाविरुद्ध लढलेल्या माणसाचं नाव आहे. तिथून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

धरणग्रस्तांच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये अभ्यासक मुळशीची गणना करतात. पुनर्वसन हा शब्दही रुळला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

वीज तयार कशी होते? टप्प्याटप्प्याने

१. साठवण. पावसाळ्यात तलाव भरतो आणि ते पाणी वर्षभर पुरवून वापरतात. तलाव म्हणजे एक प्रकारची बॅटरीच. फोनच्या बॅटरीत ऊर्जा रसायनांमध्ये साठते, इथे ती उंचीमध्ये साठते.

२. बोगदा. तलावाचं पाणी दरवाज्यांमधून आत घेतात. तोंडाशी जाळ्या असतात, म्हणजे ओंडके आणि कचरा बाहेरच अडतो. डोंगराच्या पोटातून हे पाणी पश्चिमेच्या कड्यापर्यंत पोचतं.

३. पेनस्टॉक. कड्यावरून खाली उतरणारे जाड पोलादी पाइप म्हणजे पेनस्टॉक. यात पाणी जसजसं खाली येतं तसतसा दाब वाढत जातो. ५०० मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब साधारण ७०० पीएसआय होतो. आपल्या बाइकच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा.

४. नोझल. पाइपच्या शेवटी अरुंद तोंड असतं. त्यातून सुटणाऱ्या धारेचा वेग गणिताने ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास येतो. बुमराहचा चेंडू ताशी दीडशेच्या आत असतो. ही धार त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने सुटते.

५. पेल्टन चाक. धार ज्या चाकावर आदळते त्याच्या कडेला जोड-वाट्यांसारख्या बकेट असतात. दोन वाट्या शेजारी शेजारी आणि मधे धारदार कणा. धार कण्यावर फुटते, दोन्ही वाट्यांतून वळून जवळजवळ उलट दिशेने बाहेर पडते. पाण्याचा जोर चाकात उतरतो आणि ते फिरतं. हे चाक लेस्टर पेल्टन याने एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात बनवलं. उंची जास्त आणि पाणी त्यामानाने कमी असेल तिथे पेल्टन चाक उत्तम चालतं.

६. जनरेटर. चाकाच्या दांड्याला जनरेटर जोडलेला असतो. तारांच्या वेटोळ्यांजवळून चुंबक फिरला की तारांत वीज निर्माण होते, हे शाळेत शिकलेलं तत्त्व इथे मोठ्या प्रमाणावर चालतं. आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ ठेवावी लागते. समजा चाक मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर ५० हर्ट्झसाठी जनरेटरला २० चुंबकीय ध्रुव लागतात. चाकाचा वेग स्थिर ठेवायचं काम गव्हर्नर करतो. मागणी वाढली की तो नोझल जास्त उघडतो, कमी झाली की आवळतो.

७. ट्रान्सफॉर्मर. लांब पाठवायच्या विजेचा दाब वाढवतात. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी करंट कमी लागतो आणि तारा तापून वाया जाणारी वीज कमी होते. मग टॉवरवरून ती वीज मुंबईकडे निघते.

यात कुठेही काही जळत नाही, धूर होत नाही. पाणीही संपत नाही, ते जसंच्या तसं बाहेर पडतं. फक्त ते आता ५०० मीटर खाली आणि डोंगराच्या दुसऱ्या बाजूला असतं.

एका चार्जिंगचा हिशोब

आता आपल्या फोनकडे येऊ. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जर, केबल आणि लाइनमधली गळती धरून आपण २५ वॉट-तास घेऊ.

एक लिटर पाणी ५०० मीटर खाली आलं की सुमारे ४९०० ज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे १.३६ वॉट-तास. यंत्रांची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर हातात राहतात १.१५ वॉट-तास. २५ भागिले १.१५ म्हणजे साधारण २२ लिटर.

म्हणजे एक फोन पूर्ण चार्ज करायला मुळशीचं एक मोठी बादलीभर पाणी कड्यावरून खाली सोडावं लागतं. एका युनिटला सुमारे ८७० लिटर, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतलं बहुतेक पाणी. हेच पाणी फक्त १० मीटरवरून पडलं असतं तर एका फोनला ५० पट, म्हणजे हजार लिटरच्या वर लागलं असतं. उंचीची किंमत इथे कळते.

मूळ वीजघर पूर्ण १५० मेगावॉटवर चालतं तेव्हा माझ्या हिशोबाने सेकंदाला ३६ हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. उन्हाळ्यात आमच्याकडे वस्तीवर येणारा टँकर दहा-बारा हजार लिटरचा असतो. म्हणजे दर सेकंदाला असे तीन टँकर. ज्याने टँकरच्या रांगेत हंडे लावलेत त्याला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जलविद्युतची खरी ताकद : वेग

कोळशाचं वीजघर थंड अवस्थेतून सुरू करायला कित्येक तास लागतात. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो आणि तितक्याच लवकर थांबतो. वीज साठवून ठेवणं अवघड असतं, क्षणोक्षणी मागणीइतकीच तयार करावी लागते. म्हणून हा वेग फार मोलाचा आहे.

५ एप्रिल २०२० आठवतं? लॉकडाउनमध्ये रात्री ९ वाजता ९ मिनिटं देशभर घरातले दिवे बंद केले होते. त्या वेळी देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने घसरली आणि दिवे लागल्यावर लगेच वर गेली. हा धक्का मुख्यतः जलविद्युतने सोसला. देशातलं पाण्याच्या विजेचं उत्पादन साधारण २५,५०० मेगावॉटवरून ८,००० पर्यंत उतरवलं आणि पुन्हा चढवलं गेलं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुरवठा परत आणताना टाटा पॉवरने भिरा, भिवपुरी आणि खोपोली या तीन वीजघरांचीच मदत घेतली.

पाणी परत वर चढवणं : पंप्ड स्टोरेज

भिऱ्याला १९९० च्या दशकात १५० मेगावॉटचा नवा संच जोडला गेला. तो दोन्ही दिशांनी चालतो. मागणी जास्त असताना पाणी खाली आणून वीज करतो. वीज जादा असताना तीच वापरून खालचं पाणी पुन्हा वर मुळशीत चढवतो. पेल्टन चाकाला हे जमत नाही, म्हणून इथे उलटसुलट फिरणारं फ्रान्सिस टर्बाइन असतं.

पाणी चढवायला १०० युनिट खर्च केले तर खाली येताना साधारण ७५ ते ८० युनिट परत मिळतात. मग हा उद्योग कशाला? कारण दुपारी नको असलेली वीज संध्याकाळी हवी असलेल्या वेळी मिळते. पॉवर बँकही थोडी वीज खातेच, तरी आपण ती बाळगतोच ना.

आपल्या नगर जिल्ह्यातही असा प्रकल्प आहे. अकोले तालुक्यातलं घाटघर. २५० मेगावॉटचा हा सरकारी प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. वरचं धरण प्रवरेच्या उगमाकडच्या भागात, खालचं कड्याखाली ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. इथे बऱ्याच अंशी तेच ते पाणी वर-खाली फिरत राहतं.

सुप्याच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत, त्यात टाटा पॉवरच्याही आहेत. पवनचक्की वाऱ्याच्या मर्जीने चालते आणि सोलर पॅनल उन्हाच्या. वारा पडला किंवा ऊन गेलं की भर कोण घालणार? तिथे घाटघर आणि भिऱ्यासारखे संच लागतात. म्हणून पुढच्या काळात पंप्ड स्टोरेज हा शब्द तुम्ही वारंवार ऐकाल.

खाली गेलेल्या पाण्याचं काय होतं?

भिऱ्याहून सुटलेलं पाणी वाया जात नाही. त्यावर आधी ८० मेगावॉटचं आणखी एक छोटं सरकारी वीजघर चालतं. मग ते कुंडलिका नदीत येतं. कोलाडला रिव्हर राफ्टिंग करून रील टाकली असेल, तर ती लाट वीजघरातून सुटलेल्या पाण्याची होती. म्हणून तर तिथे उन्हाळ्यातही राफ्टिंग होतं, आणि ते पाणी सोडण्याच्या वेळेवर अवलंबून असतं. रोहा-कोलाड भागातली शेती, गावं आणि कारखानेही याच पाण्यावर आहेत. उरलेलं पाणी रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं.

शंभर वर्षांनंतरचा प्रश्न

भीमेच्या खोऱ्यातलं पाणी पश्चिमेला वळवायला टाटांच्या प्रकल्पांना कृष्णा पाणीवाटप लवादानेही मर्यादा घालून दिली आहे. पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी, म्हणजे वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या थोडं वर. एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३० कोटी लिटर. ५०० मीटरवरून पडल्यावर एवढ्या पाण्यापासून सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास वीज होते.

हे पाणी पूर्वेला सोडलं असतं तर सुप्याला आलं नसतं, हे सरळ सांगतो. आमची हंगा नदी घोडेला मिळते आणि घोड भीमेला, म्हणजे मुळशीचं पाणी आमच्या बरंच खालून गेलं असतं. पण नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांची दक्षिण हद्द भीमाच आहे. पलीकडे दौंड, इंदापूर, पुढे करमाळा, सोलापूर. उजनी न भरलेल्या वर्षी या भागात मुळशीच्या पाण्याची आठवण निघते आणि ते पूर्वेला सोडा अशी मागणी होते.

दुसरी बाजूही खरी आहे. कुंडलिकाकाठची माणसं आता शंभर वर्षं या पाण्यावर जगतायत. मुंबईला अडचणीच्या क्षणी हीच वीज हाताशी असते. आणि ज्यांनी जमीन दिली त्या मुळशीकरांना या वाटणीत कधी नीट विचारलंच गेलं नाही.

माझं मत विचाराल तर एक फरक महत्त्वाचा वाटतो. १९२१ मध्ये वीज करायचे मार्ग मोजकेच होते, कोळसा किंवा पाणी. आज ऊन आहे, वारा आहे, बॅटऱ्या आहेत, आणि तेच पाणी पुन्हा वर चढवायची सोय आहे. विजेला पर्याय निघाले. पिकाला आणि घशाला पाण्याशिवाय दुसरा पर्याय अजून निघालेला नाही. त्यामुळे दुष्काळी वर्षात कोणतं पाणी कड्यावरून सोडायचं आणि कोणतं राखायचं, हे ठरवताना मुंबई, कोकण, भीमाकाठ आणि मुळशी या चौघांनाही एका टेबलाशी बसवायला हवं.

जलविद्युत स्वच्छ आहे, जलद आहे आणि टिकाऊ आहे. फुकट मात्र नाही. तिची किंमत बिलावर दिसत नाही, ती कुणाच्या तरी जमिनीत आणि कुणाच्या तरी नदीत भरलेली असते. पुढच्या वेळी 'पाण्यावरची वीज स्वस्त' असं कुणी म्हणालं, तर त्याला २२ लिटरचा हिशोब सांगा आणि पाणी कुठून कुठे गेलं तेही विचारा.